दूधआईच्या जागी आलेलं सामान: बोंडलं, पंप, डबा, बाटली आणि मिल्क बँक

पुरंदरावर १४ मे १६५७ रोजी संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत ढासळत गेली आणि बाळाला पाजायला कापूरहोळच्या धाराऊ गाडे आल्या. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत संपते. पण बाळाच्या दुधाचा हिशोब मांडायला बसलं की धाराऊंचं काम किती मोठं होतं ते कळतं. दूध कुठून आणायचं, किती द्यायचं, कशातून पाजायचं आणि भांडं स्वच्छ कसं ठेवायचं, हे चारही प्रश्न एका बाईमुळे सुटत. आज त्या चार प्रश्नांची चार वेगळी बिलं होतात. दूध डब्यातून किंवा मिल्क बँकेतून येतं, माप चमच्यावर असतं, पाजायला बोंडलं किंवा बाटली असते आणि स्वच्छतेसाठी उकळतं पातेलं नाहीतर स्टरिलायझर. हे परीक्षण त्या सामानाचं आहे. पूर्ण दिवसांचं, निरोगी, सहा महिन्यांच्या आतलं बाळ गृहीत धरलं आहे. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला काय, किती आणि कशातून द्यायचं हे एनआयसीयूतले (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले) डॉक्टर ठरवतील, दुकानदार किंवा शेजारीण नाही.

दूधआई ठेवायची चाल मोडली ती काही एका दिवसात नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्री कशी निवडावी, तिचं दूध कसं पारखावं, हे सविस्तर दिलेलं आहे. पॅरिसमध्ये तर दूधआया पुरवणारी नगरपालिकेची कचेरीच होती, ती १८७६ मध्ये बंद झाली. त्याच्या दोन वर्षं आधी फ्रान्सने पैसे देऊन बाहेर सांभाळायला ठेवलेल्या बाळांवर देखरेख ठेवणारा कायदा केला होता. तोवर लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं गव्हाचं पीठ, माल्ट आणि गाईचं दूध यांचं मिश्रण बाजारात आलं होतं आणि १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेस्लेचं दूध-पीठही. रबरी निपल आलं, दूध पाश्चराइझ करता येऊ लागलं आणि दूधआईचा पगार देण्यापेक्षा डबा स्वस्त पडू लागला. उरलीसुरली भीड १९८० च्या दशकात एचआयव्हीने संपवली. तो विषाणू दुधातून बाळाकडे जातो हे कळल्यावर 'जाऊबाईला दूध भरपूर आहे, तिच्याकडे देऊ' हा सल्ला डॉक्टरांनी देणं थांबवलं. गावाकडे अजूनही मावशी-काकू अडीअडचणीला पाजतात. प्रेमापोटी पाजतात हे खरं, पण तपासणीशिवाय पाजतात हेही खरं, आणि म्हणून ती सोय या यादीत धरलेली नाही.

बोंडलं

सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात गुणी वस्तू हीच. शंखासारखी छोटी वाटी, एका बाजूला निमुळती चोच. तमिळनाडूत याच घाटाच्या भांड्याला पालाडै म्हणतात आणि तिथून ते देशभरच्या नवजात विभागांत पोचलं. स्टीलचं बोंडलं भांड्यांच्या दुकानात शंभर रुपयांच्या आगेमागे मिळतं. चांदीचं बारशाला आहेर म्हणून येतं.

घेताना कडेवरून बोट फिरवा. कडा आत दुमडलेली असेल आणि त्या दुमडीत फट असेल तर ते ठेवून द्या, कारण तिथे दूध सुकतं आणि कितीही घासलं तरी निघत नाही. चोच वाटीला डाग देऊन जोडलेली नको, एकाच पत्र्यातून दाबून काढलेली हवी. चोचीचं टोक ओठावर टेकणार आहे, तेव्हा ते गुळगुळीत हवं. आता मापाचं. बोंडल्यावर रेघा नसतात. केमिस्टकडून १० मिलीची सिरिंज आणा, सुई लागत नाही. तिने पाणी भरून बघा. कुणाचं १५ मिली निघतं, कुणाचं ३०. हा आकडा माहीत नसेल तर 'बाळ चार बोंडली प्यायलं' या वाक्याला काही अर्थ नाही.

पाजण्याची रीत चुकते ती बहुतेक वेळा घाईने. बाळ पूर्ण जागं हवं. त्याला अर्धवट बसतं धरा, डोकं आणि मान आपल्या तळव्याच्या आधाराने. बोंडलं निम्म्याच्या वर भरू नका. चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याकडे टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतपतच कलतं करा. बाळ जीभ बाहेर काढून स्वतः दूध ओढून घेतं. ते गिळेपर्यंत थांबा, मग पुढचा घोट. एका वेळेला वीस ते तीस मिनिटं लागतील आणि थोडं दूध लाळेऱ्यावर सांडेल. सांडलेलं हिशोबात धरा. बाळाला आडवं झोपवून, नाक दाबून घशात ओतायची जुनी पद्धत अजून काही घरांत गुटी देताना चालते. तिने दूध श्वासनलिकेत जातं आणि पुढे न्यूमोनियाची पाळी येते. बाळ खोकलं, निळसर पडलं किंवा घोट तोंडातच साठू लागले तर पाजणं तिथेच थांबवा.

आजीच्या पेटीतलं पितळी बोंडलं मात्र वापरू नका. यामागे एक खास इथलीच गोष्ट आहे. लहान मुलांचं यकृत निकामी करणारा एक आजार एकेकाळी आपल्याकडे मोठ्या प्रमाणात दिसे, त्याला इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणत. पुण्यात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी त्याचा धागा बिनकल्हईच्या पितळी आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या, साठवलेल्या वरच्या दुधापर्यंत नेऊन भिडवला. दुधात तांबं उतरायचं आणि बाळाच्या यकृतात साठायचं. घरोघरी स्टील आलं तसा आजारही जवळजवळ नाहीसा झाला. चांदीचं चालेल, पण ते पॉलिशच्या पावडरीने चमकवून त्यात दूध ओतू नका. साबणाने घासून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. काळं पडलं तर पडू दे.

स्वच्छतेत साधी स्टीलची वाटी आणि गोल कडेचा चमचाही याच तोडीचा आहे. बोंडल्याचा फायदा एवढाच की एक हात मोकळा राहतो आणि सांडतं जरा कमी.

पंप

रबरी फुगा लावलेला, भोंग्यासारखा काचेचा पंप केमिस्टकडे शे-दोनशे रुपयांत मिळतो. घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून घासता येत नाही, आणि ओढ किती बसते यावर काहीच ताबा नसल्याने स्तनाग्राला इजा होते. असं काढलेलं दूध बाळाला देण्यालायक राहत नाही. या यादीत शून्य गुण मिळालेली ही एकमेव वस्तू.

दांडा दाबायचा हाती पंप कधीमधी वापरासाठी पुरतो. बाळंतपणाची रजा संपून कामावर जाणारीला विजेवरचा, आणि परवडत असेल तर दोन्ही बाजू एकदम काढणारा घ्यावा. किमतीतला फरक बहुतेक मोटर, बॅटरी आणि आवाजाचा असतो. दूध किती निघेल हे ठरवणारा भाग सगळ्यात स्वस्त आहे, तो म्हणजे छातीला लावायचं फनेल. खोक्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचं येतं आणि ते प्रत्येकीला बसत नाही. पट्टी घेऊन स्तनाग्राची बुडाशी रुंदी मोजा, काळसर भाग त्यात धरू नका. त्यात फार तर दोन-तीन मिलिमीटर मिळवा, तो आपला आकार. फनेल लहान पडलं तर स्तनाग्र नळीला घासतं, टोक पांढरं पडतं आणि दुखतं. मोठं झालं तर आजूबाजूची कातडी आत ओढली जाते आणि दूध नीट निघत नाही. 'मला पंपने दूधच येत नाही' या तक्रारीचा पहिला तपास इथे करायचा. आकार बदलून देणारे सिलिकॉनचे आतले चकते सुटे मिळतात. नवा पंप घेण्याआधी ते लावून बघा.

दुसरा तपास झडपेचा. बदकाच्या चोचीसारखी छोटी पांढरी सिलिकॉनची झडप असते. तिची फट मिटलेली दिसली पाहिजे. ती उघडी राहत असेल, किंवा धुताना ब्रश घालून फाटली असेल, तर मोटर जोरात चालते पण ओढ बसत नाही. फनेलवर तळहात ठेवून चालू केलं की लगेच समजतं. रोज वापरणारीने झडपेची जादा जोडी घरात ठेवावी. पंप ऑनलाइन घेताना सुटे भाग भारतात मिळतात का हे आधी बघा. इथे नावाजलेले परदेशी पंपही तोंडावर पडतात.

वापरताना आधी एक-दोन मिनिटं जलद आणि हलकी लय, दूध सुटलं की सावकाश आणि खोल. ओढ दुखेल इतकी वाढवली म्हणून दूध जास्त येत नाही, उलट दुखण्याने ते अडतं. प्रत्येक बाजूला पंधरा मिनिटांच्या आसपास. पहिल्या दोन-तीन दिवसांतला पिवळा, घट्ट चीक पंपाने काढायला जाऊ नका, तो फनेललाच चिकटून राहतो. तो हाताने काढा. स्तन अंगठा वर आणि बोटं खाली अशी इंग्रजी सी-च्या आकारात धरा, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने मागे रेटा, मग दाबा, मग सोडा. बोटं कातडीवरून घासत पुढे ओढू नका. चमच्यात थेंब थेंब जमतो. पहिल्या दिवशी बाळाचं पोट एका वेळी पाच-सात मिलीचंच असतं, त्यामुळे तो चमचा 'एवढंसंच?' म्हणून हिणवायचा नाही.

काढलेलं दूध सावलीतल्या खोलीत चार तास चालतं. विदर्भातल्या मे महिन्यात हा नियम विसरा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका. फ्रिजमध्ये दारात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा आणि चोवीस तासांत संपवा. वीज जात असेल तर आणखी लवकर. मलईचा थर वर येतो, ते दूध नासलेलं नसतं, भांडं हलक्या हाताने गोल फिरवून मिसळा. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून ऊब आणा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, कुठे थंड तर कुठे जीभ भाजणारं होतं.

जाता जाता अळिवाच्या लाडवांबद्दल. अळीव, डिंक, मेथी, शतावरी कल्प हे सगळं बाळंतिणीला खायला चांगलंच आहे. पण दूध वाढतं ते छाती वारंवार रिकामी झाल्याने. दिवसाला आठ-दहा वेळा पाजणं किंवा काढणं होत नसेल तर लाडवांनी बाळंतिणीचं वजन तेवढं वाढेल.

डबा

पावडरच्या डब्यांचा ब्रँडवार आढावा इथे मुद्दाम दिलेला नाही. १९९२ चा बालदुग्ध-पर्याय कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची, आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने आणि भेटवस्तू यांना बंदी घालतो. डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो नसतो तोही त्यामुळेच. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. पहिल्या सहा महिन्यांच्या साध्या पावडरीत काय आणि किती असावं हे अन्नसुरक्षा नियमांनी बांधून दिलेलं आहे. 'मेंदूसाठी' म्हणून दुप्पट किंमत लावणाऱ्या डब्यात पायाभूत घटक तेच असतात. डॉक्टरांनी गरज सांगितली तर पहिल्या टप्प्याची साधी पावडर घ्या. सोया, लॅक्टोजविरहित किंवा फोडलेल्या प्रथिनांची पावडर चिठ्ठीशिवाय आणू नका.

खरा घोळ मापात होतो. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. चमचा त्याच डब्यातला हवा, कारण प्रत्येक कंपनीच्या चमच्यात मावणारं वजन वेगळं असतं. पावडर दाबून भरायची नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायची. आणि पाणी आधी, पावडर नंतर. ९० मिली पाणी मोजून त्यात तीन चमचे टाकले की तयार दूध १०० मिलीच्या जवळ जातं. उलट केलं, म्हणजे आधी पावडर टाकून ९० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं, तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. घट्ट दुधाने बाळाच्या रक्तात मीठ वाढतं, शौचाला खडा होतो, आणि ताप-जुलाब असतील तर ते धोक्याचं. पातळ केलेलं त्याहून फसवं. 'डबा महाग आहे, जरा पुरवून वापरू' म्हणून ६० मिलीला एक चमचा टाकला की बाळाचं पोट भरतं, रडं थांबतं आणि वजन मात्र वाढत नाही. पाणी फारच जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. दूध 'जड' वाटतं म्हणून पातळ करायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

पाण्याचं तापमान हा लोक सर्रास गाळणारा भाग. पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू तिच्यात क्वचित असू शकतो आणि नवजात बाळात तो रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी किमान ७० अंश सेल्सियस गरम असतानाच पावडर मिसळायची. घरगुती रीत अशी: पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा, अर्ध्या तासाच्या आत वापरा. मिसळल्यावर भांडं थंड पाण्यात धरून कोमट करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. आरओचं असो की बाटलीबंद, पाणी उकळायचंच. काही डब्यांवर कोमट पाण्यात कालवा असं लिहिलेलं दिसतं, विशेषतः प्रोबायोटिक घातलेल्या, कारण गरम पाण्यात ते जीवाणू मरतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला असा डबा द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हे वाक्य दाखवून विचारा. आमचा कल साध्या पावडरीकडे आणि गरम पाण्याकडे.

तयार दूध दोन तासांत संपवा. बाळाने अर्धवट सोडलेलं पुढच्या वेळेला नाही, ते मोरीत. डबा उघडल्यावर त्यावरच्या मुदतीत, सहसा तीन-चार आठवड्यांत संपवायचा. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कागदी खोक्यातली रिफिल पिशवी लगेच गोळे धरते, ती घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात पिशवीसकटच ठेवा. मुदतीची तारीख आणि माप लिहिलेला भाग कापून सोबत ठेवायला विसरू नका.

आता खर्च. पहिला आठवडा संपला की बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली दूध लागतं. तीन किलोच्या बाळाला ४५० मिली, म्हणजे आठ वेळा ५५-६० मिली. १०० मिली दुधाला साधारण १३ ग्रॅम पावडर धरली तर रोजची ६० ग्रॅम, आणि ४०० ग्रॅमचं खोकं सहा-साडेसहा दिवसांत खलास. तेच बाळ सहा किलोचं झालं की खोकं तीन दिवसांच्या थोडं पुढे जातं, महिन्याला नऊ खोकी. एका खोक्याचे चारशे ते नऊशे रुपये धरून गुणाकार करा. हा गुणाकार प्रसूतीच्या तिसऱ्या दिवशी, 'दूध पुरत नाहीये, डबा सुरू करू' म्हणताना कुणी करत नाही. पुरतंय की नाही याची खूण रडणं नव्हे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत येणं आणि पुढे दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ होत असेल तर दूध पुरतं आहे.

गाईच्या दुधात निम्मं पाणी घालायचा जुना तोडगा वर्षाच्या आत नको. त्यात लोह फारच कमी असतं, ते आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावही घडवतं, आणि पाण्याने उरलीसुरली ताकद जाते. बकरीच्या दुधात फोलेट पुरेसं नसतं. मधाचं बोट तर वर्षभर नाहीच.

बाटली

दुकानात सगळ्यात जास्त जागा हिला, आमच्याकडे मात्र फुग्याचा पंप सोडला तर सगळ्यात कमी गुण हिला. सुटे भाग पाच-सहा, चकती आणि निपलच्या सांध्यात दुधाचा साका, आणि स्तनापेक्षा सोपा प्रवाह मिळाल्याने बाळ छातीला तोंड लावायला कुरकुर करतं. घ्यायचीच असेल तर रुंद तोंडाची, काचेची किंवा, आयएस १४६२५ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघून, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. जुनी, काचेसारखी पारदर्शक आणि कडक पॉलिकार्बोनेटची बाटली वापरू नका. रेघांवर विश्वास ठेवण्याआधी सिरिंजने ३० आणि ६० मिली पाणी टाकून ताडून बघा, स्वस्त बाटल्यांच्या छापील रेघा चुकलेल्या सापडतात. बाटली उलटी केल्यावर दूध थेंबाथेंबाने यावं. धार लागली तर निपलचं छिद्र मोठं आहे. निपल चिकट झालं, फुगलं किंवा चिरलं की फेकायचं. विजेचा स्टरिलायझर सोयीचा असला तरी लागतोच असं नाही, पातेल्यात दहा मिनिटं, उकळी फुटल्यापासून मोजून, तेच काम होतं. असलाच तर बोअरच्या पाण्याने तळाला बसलेला पांढरा खर आठवड्याला लिंबाच्या रसाने काढा.

छातीला लावायची नळी

ही वस्तू दुकानात 'फीडिंग ट्यूब' म्हणून मिळते, पाच किंवा सहा नंबरची, बारीक. दूध आटलेलं असताना परत आणायचं असेल किंवा दत्तक बाळाला अंगावर घ्यायचं असेल तर हिच्याइतकं उपयोगी काही नाही. नळीचं एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरं स्तनाग्राच्या टोकाला कागदी चिकटपट्टीने. बाळ चोखतं तेव्हा वाटीतलं दूध येतं आणि चोखण्याने आईचंही सुटायला लागतं. वाटी वर धरली की वेग वाढतो, खाली केली की कमी होतो. दूध फार भरभर आलं तर नळीला सैल गाठ मारा. पाजून झालं की लगेच सिरिंजने साबणपाणी आणि मग उकळलेलं पाणी नळीतून जोराने सोडा. वाळलेलं दूध आत राहिलं तर नळी टाकून द्या, तिची किंमत तेवढी नाही. पहिली दोन-तीन वेळा स्तनपान सल्लागाराच्या समोर करा, चिकटपट्टीची जागा एकदा कळली की पुढे सोपं जातं.

मिल्क बँक

दूधआईची खरी वारसदार हीच, फक्त आता तिचा चेहरा दिसत नाही. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आज मोठ्या रुग्णालयांच्या पाटीवर 'सीएलएमसी' (कॉम्प्रिहेन्सिव्ह लॅक्टेशन मॅनेजमेंट सेंटर) अशी अक्षरं दिसली तर ते हेच, २०१७ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतलं नाव.

सेवा कशी चालते ते समजून घेतलं तर अपेक्षा ताळ्यावर राहतात. दान देणाऱ्या आईचं स्वतःचं बाळ पोटभर पिऊन वाढत असलं पाहिजे. तिची एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिससाठी रक्ततपासणी होते, तंबाखू, दारू आणि औषधं विचारली जातात. दूध निर्जंतुक भांड्यात काढलं जातं, ६२.५ अंश सेल्सियसवर तीस मिनिटं ठेवून झटकन थंड केलं जातं, नमुना जंतुतपासणीला जातो आणि अहवाल नीट आला तरच उणे २० अंशांवर साठवलेल्या बाटल्या वापरात येतात. या उष्णतेने एचआयव्ही आणि बहुतेक जंतू मरतात. सोबत दुधातल्या जिवंत पेशी आणि चरबी पचवणारं विकरही जातं, प्रतिकारक घटक काही अंशी टिकतात. म्हणून हे दूध आईच्या ताज्या दुधाच्या खाली आणि पावडरच्या वर. कमी दिवसांच्या बाळात आतडं सडवणाऱ्या आजाराचा धोका पावडरपेक्षा याने कमी होतो, आणि ही सेवा उभी आहे ती त्यासाठीच.

त्रुटी उघड आहे. दूध कायम कमी पडतं, त्यामुळे ते एनआयसीयूतल्या नाजूक बाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. घरच्या निरोगी बाळासाठी पिशवी मागायला गेलात तर नकार मिळेल आणि तो योग्य आहे. दानाला पैसे मिळत नाहीत. आईचं दूध विकणाऱ्या जाहिराती दिसल्या तर लांब राहा, मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा विक्रीला परवानगी नसल्याचं स्पष्ट केलं आहे. अनेक बँकांत वेगवेगळ्या आयांचं दूध एकत्र केलं जातं. दूधभावंडांचं नातं मानणाऱ्या मुस्लिम कुटुंबांनी हे आधी विचारून घ्यावं, म्हणजे ऐनवेळी अडायला होत नाही. दान करायचं असेल तर फोन करून वेळ, आणायच्या तपासण्या आणि दूध तिथेच काढायचं की घरून चालेल, हे तिन्ही विचारा.

प्रवासातलं एक राहिलं. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, रायगडचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीच्या नावाने. आत प्लगची सोय असेलच असं नाही. विजेचा पंप घरूनच पूर्ण चार्ज करून न्या, सोबत झडपेची जादा जोडी, उकळून कोरडं केलेलं बोंडलं स्वच्छ डब्यात, आणि दुधासाठी बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्मासची पेटी.